सुट्टीवरनं परत बोलावलेला दादा, स्टेशनाबाहेरचा बँजो आणि आता पाणंदीचा वांदा

राकसकोपवाला, रात्री १०.४२

लिहू का नको असं महिनाभर चाललंय, शेवटी आज टाकतोच. जरा लांब होईल, सांभाळून घ्या.

आमचा दादा मराठा लाईटमध्ये नायक हाय, बारा वर्षं झाली सर्व्हिसला. पहलगाम व्हायच्या चार दिवस आधी तो मोठ्या सुट्टीवर आलेला, चुलत बहिणीचं लग्न होतं आणि गोठ्याचे पत्रे बदलायचे होते. मग २२ एप्रिल झालं, ७ मेच्या रात्री सिंदूर झालं आणि सकाळी चहा पितानाच त्याला पलटणीतनं फोन आला, निघा म्हणून. ८ तारखेच्या संध्याकाळची गोवा एक्स्प्रेस. गावातनं दोन टेम्पो भरून माणसं आली बेळगावच्या स्टेशनला, बाहेर बँजो, गुलाल, हार, आणि सगळ्यांचे मोबाईल वर. एकजण म्हणतोय लाहोरातनं व्हिडिओ कॉल कर, दुसरा म्हणतोय कराची बेकरीची बिस्किटं घेऊन ये, आता ती बेकरी हैदराबादची हाय हे त्याला कोण सांगणार. दादा हसत होता. गाडी हलायच्या आधी मला जवळ ओढून काय बोलला म्हणाल तर, "पिंजरीच्या गंजीवर ताडपत्री घातलीयास नव्हं? वळीव येतोय बघ." बास. एवढंच.

१० मेला संध्याकाळी ५ पासून फायरिंग बंद. आमच्या गावच्या ग्रुपवर अर्ध्या तासात शिव्या सुरू, का थांबवलं, आता कुठं मजा येत होती. मजा हा शब्द मी बनवून सांगत नाही, स्क्रीनशॉट हाय माझ्याकडं. दादाचा फोन १२ ला आला, दोन मिनिटं. चार दिवसांनी आंघोळ केली म्हणाला.

आता खरा विषय. ऑगस्टात तो उरलेली सुट्टी घेऊन आला तर आमच्या शेताकडं जायची पाणंद बंद. जेसीबी लावून आडवा चर मारलेला, वरनं काटं. कुणी मारला? स्टेशनावर बँजोपुढं सगळ्यात जास्त जो नाचला त्यानंच. त्याच्या व्हॉट्सअपला अजून दादाचाच फोटो हाय, हार घातलेला! आम्ही तरवाच्या पेंढ्या डोक्यावरनं नेऊन लावण उरकली. दादाची वीस दिवसांची सुट्टी एका सरकारी ऑफिसच्या बाकड्यावर गेली. तिथला माणूस गोड बोलायचा, मिलिटरीवाले तुम्ही, तुमचं काम व्हायलाच पाहिजे, आणि पुढची तारीख द्यायचा. परत जाताना स्टेशनला मी एकटाच होतो, बाईकवरनं सोडला. "ह्या वेळी बरं वाटलं, डोकं शांत हाय," म्हणाला.

तर माझा प्रश्न असा की लोकांचा युद्धाला एवढा सपोर्ट असतोय, तो त्या पोरापर्यंत पोचतोय तरी कुठं? ज्यांच्या घरातलं कोण सर्व्हिसला हाय किंवा होतं त्यांनी सांगा. राजकारण नको.

निप्पाणीकर७१, रात्री ११.०५

पहिला नंबर माझा. माझी आजी १९६५ च्या गोष्टी सांगायची. शास्त्रीजींनी सोमवारी एक वेळ जेवू नका म्हणून सांगितलं आणि आमच्या वाड्यात सोमवारी रात्री चूल पेटायची बंद झाली. लढाई संपली, शास्त्रीजी गेले, तरी आजीचा सोमवार चालूच राहिला, शेवटी शेवटी तो महादेवाचा सोमवार का शास्त्रींचा हे तिलाही आठवत नव्हतं. १९६२ ला बायकांनी अंगावरचं सोनं काढून दिलं, यशवंतराव दिल्लीला संरक्षणमंत्री झाले तेव्हाची गोष्ट. आजीनं पण एक फूल दिलं कानातलं, एकच का दिलं ते कधी कळलं नाही.

सांगायचं म्हणजे तेव्हा सपोर्ट द्यायला घरातलं कायतरी कमी व्हायचं. आता स्टेटस ठेवायला नेटपॅक पण तेवढाच जातोय.

खच्चीकरण_बंद, रात्री ११.१२

असले धागे काढून जवानांचं मनोबल कमी करायचा प्रयत्न चाललाय. आमचा जवान कायम जोशात असतो. एका शेजाऱ्यामुळं अख्ख्या समाजाला नावं ठेवू नका. जय हिंद.

जुनी_पलटण, रात्री ११.३८

खच्चीकरण साहेब, वीस वर्षं सर्व्हिस करून हवालदार म्हणून बाहेर पडलोय. कायम जोशात असणारा जवान मला एकच भेटला, त्याला नंतर एमएच मध्ये, म्हणजे मिलिटरी हॉस्पिटलात, दाखवायला लागलं. जवान थकतोय, कंटाळतोय, सासूवर चिडतोय, पगार झाला का बघतोय. त्यातनं उठून ड्यूटीला उभा राहतो ते मनोबल.

राकसकोपवाले, तुम्ही विचारलंय पोचतंय का. पोचतंय, पण टीव्हीवरचं नव्हे. १९९९ ला मी काश्मीरात होतो, द्रासला नव्हतो, उगाच फुशारकी नको. आमच्या पोस्टवर डाक खेचरावरनं यायची. त्यात शाळेतल्या पोरांची पत्रं असायची, कुठल्या कुठल्या शाळेची, ओळख ना पाळख. एका पोरीनं हेलिकॉप्टर काढलेलं, पंखा खाली आणि चाकं वर. ते आम्ही बंकरात लावलं, येणारा जाणारा बघून हसायचा. पोचलं ते. आणि त्याच डाकेत माझ्या शेजारच्या गड्याला घरचं पत्र आलं, सोसायटीच्या कर्जाची नोटीस आलीय, काय करायचं कळवा. तो त्या रात्री जेवला नाही. लंगरवाल्यानं दोनदा हाक मारली, भात गार झाला, शेवटी कुत्र्याला घातला. दुसऱ्या दिवशी पेट्रोलिंगला त्याला मागं ठेवलं आमच्या सुभेदार साहेबांनी, कारण विचारलं नाही की कुणाला सांगितलं नाही. आता सांगा, गावात तेव्हा मिरवणुका निघत होत्या का नव्हत्या, ह्यानं त्याला काय फरक पडला असता?

पलटणीत आम्हाला गणपत म्हणत्यात. गणपतला सुट्टी वेळेवर, डाक वेळेवर, जेवण गरम आणि वरचा साहेब खोटं न बोलणारा, एवढं असलं की बाकी "बोल श्री छत्रपती शिवाजी महाराज की जय" आपोआप पोटातनं येतंय.

पाणंदीचं उद्या लिहितो, त्याला रस्ता हाय. आता झोप आली.

घटप्रभाकाठ, सकाळी ७.२०

माझे मिस्टर सर्व्हिसमध्ये आहेत (मराठा नव्हे, सिग्नल). त्या चार दिवसांत मी टीव्हीची केबलच काढून ठेवली होती. एका चॅनेलवर कराची बंदर गेलं, दुसऱ्यावर इस्लामाबाद घेतलं, आणि माझी चौथीतली मुलगी विचारत होती की पप्पा इस्लामाबादला गेलेत का. आमच्याकडे जवळच कोण्णूर आहे, कर्नल सोफिया कुरेशींचं सासर, गोकाक तालुक्यात. त्या रोज टीव्हीवर माहिती द्यायला येत होत्या तेव्हा इकडे सगळ्यांना कोण अभिमान. आणि थोड्याच दिवसांत एक्सवर कुणीतरी पसरवलं की त्यांच्या घरावर हल्ला झाला, घर जाळलं. बेळगाव पोलिसांनी जाऊन बघून सांगितलं की साफ खोटं आहे. लिहिणारा कुठला, त्याला कोण्णूर कुठे आहे हे तरी माहीत असेल का. पण ते फॉरवर्ड माझ्याकडे माझ्याच जावेकडून आलं, काळजीनं पाठवलेलं. मी ते मिस्टरांना सांगितलं नाही. घरातल्या बाईचं निम्मं काम हेच असतं, काय सांगायचं नाही ते ठरवायचं.

राकसकोपवाला दादा, तुमच्या वहिनींबद्दल एक ओळ नाही तुमच्या पोस्टमध्ये. पाणंद बंद झाल्यावर मे ते ऑगस्ट त्या शेजाऱ्याशी रोज तोंड कुणी दिलं?

राकसकोपवाला, सकाळी ८.०२

वैनीनंच दिलं अक्का. चुकलं माझं. तिनं दादाला तीन महिने सांगितलंच नव्हतं, तो घरी आल्यावर स्वतः शेताकडं गेला तेव्हा कळलं. आम्हा सगळ्यांना तिनं बजावलेलं, फोनवर कोण बोललं तर बघा म्हणून.

टिळकवाडी_लायब्ररी, सकाळी ९.४५

थोडा इतिहास, कंटाळा आला तर खाली स्क्रोल करा. एप्रिल १९१६. आपल्या बेळगावात मुंबई प्रांतिक परिषद भरलेली, लोकमान्य आलेले, २८ तारखेला होमरूल लीग इथंच स्थापन झाली. आणि दुसऱ्याच दिवशी, २९ एप्रिलला, तिकडे मेसोपोटेमियात (आताचा इराक) कुत-अल-अमाराला जनरल टाउनशेंडच्या फौजेनं पाच महिन्यांच्या वेढ्यानंतर तुर्कांपुढं हत्यारं ठेवली. त्या वेढ्यात १०३, ११० आणि ११७ नंबरच्या मराठा पलटणी होत्या. घोड्याचं मांस खायचं का नाही ह्यावर घासाघासाला मन मारत दिवस काढलेली माणसं, आणि पुढं कैदेत किती गेली त्याचा हिशेब वेगळाच. म्हणजे इथं टाळ्या चालल्या होत्या त्या स्वराज्यासाठी आणि तिथं मराठा शिपाई उपाशी होता तो राणीच्या नातवाच्या लढाईसाठी. सगळे स्वखुशीनं भरती झालेले, सक्ती कुणावर नव्हती. आता स्वखुशी म्हणजे काय, दुष्काळ, सावकार आणि महिन्याला रोख पगार, त्यात घराण्याची रीत. सातारच्या अपशिंग्यातनं पहिल्या महायुद्धात ४६ जण गेले, दगडावर कोरलेलं आहे तसं.

(मराठा सेंटर बेळगावला आलं ते नंतर, १९२२ ला. कॅम्पातलं शरकत स्मारक बघितलं असेल तर ते नावही मेसोपोटेमियातलंच, १९१८ च्या ऑक्टोबरातल्या लढाईचं. रोज त्या बाजूनं जाणाऱ्या शंभरातल्या पाच जणांना तरी शरकत कुठं आहे माहीत असेल का शंका आहे.)

म्हणून मला वाटतं की लोकांचा पाठिंबा आणि शिपायाचं मनोबल ह्या दोन वेगळ्या विहिरी आहेत, एकीचं पाणी आटलं म्हणून दुसरी आटत नाही. कुतला तर मागं पाठिंबा जवळपास शून्य होता, तरी ती माणसं पाच महिने टिकली.

निप्पाणीकर७१, सकाळी १०.१५

लायब्ररीवाले, वेगळ्या विहिरी हे काय पटलं नाही बुवा. बांगलादेशातलं जमालपूर बघा, डिसेंबर १९७१. तिथं आपली जंगी पलटण, १ मराठा. आपल्या ब्रिगेडियर क्लेरनी पाकिस्तानी कर्नलला शरण या म्हणून चिठ्ठी धाडली, घेऊन गेला मुक्तिबाहिनीचा एक माणूस सायकलवर. उत्तर काय आलं तर कागदात गुंडाळलेली बंदुकीची गोळी, आणि मजकूर असा की पुढच्या वेळी लेखणीऐवजी स्टेनगन घेऊन भेटा. त्याचं मनोबल काय कमी होतं का? पण १० च्या रात्री बाहेर पडायला गेले आणि आपल्या लोकांच्या तावडीत सापडले. कारण त्यांच्या चारी बाजूंना गावंच्या गावं विरोधात होती, चिठ्ठी नेणारा सुद्धा तिथलाच. तुमची पाठिंब्याची विहीर आटली की मनोबलाच्या विहिरीला पण कळतंय ते, उशिरा का होईना.

टिळकवाडी_लायब्ररी, सकाळी १०.३१

हे बरोबर बोललात. विहिरी मागे घेतो.

वॅक्सिन_डेपो_रनर, दुपारी १.५०

मी अजून आत गेलेलोच नाय पण लिहितो. वय १९. रोज पहाटे साडेपाचला वॅक्सिन डेपोच्या मैदानावर, भरतीचं १.६ किलोमीटर रनिंग. साडेपाच मिनिटांत आलं की पूर्ण ६० मार्क. माझं सध्या ५.४१ येतंय, पावसाळ्यात चिखल झाला की सहाच्या वर. मोठा भाऊ पण हेच करायचा, २०२० ला कोरोना आला, दोन वर्षं भरतीच नाय, मग २०२२ च्या जूनला अग्निपथ आलं तोवर त्याचा दम आणि मूड दोन्ही गेलेलं. आता उद्यमबागेत सीएनसी मशीनवर हाय.

लोक विचारतात देशासाठी चाललास ना. हो, पण हिशेब पण केलाय. पहिल्या वर्षी ३० हजार, त्यातले हातात २१, बाकी सेवा निधीत. चार वर्षांनी ११.७१ लाख, पेन्शन नाय. चारातला एक ठेवून घेणार. पहिली बॅच आत गेलीय त्यांची चार वर्षं २०२६ च्या शेवटाला भरतात, सगळी पोरं तिकडंच बघतायत की कोणाकोणाला ठेवतात. आमच्या गल्लीतल्या एकाचं लग्न ठरत होतं, पोरीच्या मामानं विचारलं चार वर्षांनंतर काय? हाच मामा मे महिन्यात तिरंगा यात्रेत पुढं होता, माझ्यापेक्षा मोठा झेंडा घेऊन. मी काय त्याला चुकीचा म्हणत नाय, भाची त्याची हाय.

अजून एक. परीक्षा आता आधी असते, ऑनलाईन, १३ भाषांत. घरी सगळे म्हणाले मराठी घे, मी कन्नड घेतलं कारण शाळा कन्नड मीडियमची. त्यावरनं आज्जी चार दिवस बोलली नाय.

खच्चीकरण_बंद, दुपारी २.०५

पगार बघून जाणाऱ्यांनी जाऊच नये.

जुनी_पलटण, दुपारी २.१६

मी पगार बघूनच गेलो होतो, एकोणीसशे रुपडे. तिथं गेल्यावर बाकीचं चढलं. रनर बाळा, ५.४१ चांगलं हाय, शेवटच्या दोनशे मीटरला मागं बघू नकोस आणि आदल्या रात्री मिसळ खाऊ नकोस.

खानापूर_ते_हिंजवडी, दुपारी ४.३०

युक्रेनचं कुणीच काढलं नाही म्हणून. फेब्रुवारी २०२२ ला टीव्हीवर बघितलं आपण, शिक्षक, सुतार, कॉम्प्युटरवाले रांगा लावून रायफल घेत होते, लोकांचा पाठिंबा म्हणजे काय ते दिसलं. एप्रिल २०२४ ला त्याच देशाला सक्तीच्या भरतीचं वय २७ वरनं २५ वर आणायला लागलं. देशप्रेम संपलं असं नाही, पण जे पहिल्या महिन्यात गेले ते परत कधी येणार ह्याचं उत्तर कुणाकडे नव्हतं, आणि रांगेतल्या पुढच्या माणसाला ते दिसत होतं. आणि दुसऱ्या बाजूला रशियात आपल्याच कलबुर्गीची पोरं सिक्युरिटीच्या नोकरीला म्हणून गेली आणि फौजेत ढकलली गेली. त्यांच्या मनोबलाबद्दल काय बोलायचं, त्यांना लढाई कुणाशी आहे हे पण कुणी विचारलं नव्हतं.

उद्यमबाग_सेकंड_शिफ्ट, रात्री १२.४०

शिफ्ट सुटल्यावर वाचतोय. मी टीए मध्ये आहे, टेरिटोरियल, म्हणजे एरवी फौंड्रीत साचे भरतो आणि बोलावलं की वर्दी. मे महिन्यात ऑर्डर निघाली, टीएच्या ३२ इन्फंट्री बटालियनपैकी १४ बोलवायला परवानगी. कुठल्या ते आम्हाला कुठं कळतंय. चार दिवस दाराच्या मागं बॅग भरून ठेवलेली, बायकोनं त्यात शेंगदाण्याची चटणी आणि गरम मसाला घातलेला, मी म्हटलं मसाला कशाला तर म्हणाली तिकडचं तुम्हाला सपक लागतंय.

कारखान्यात मालकानं पेढे वाटले, सिंदूर झालं त्या दिवशी. मी जाऊन विचारलं साहेब मला बोलावलं तर माझी जागा? ते म्हणाले अरे तुझ्यासारख्यांचा तर अभिमान आहे आम्हाला. मी म्हटलं साहेब लिहून देता काय. त्यावर पेढ्याचा बॉक्स पुढं केला. दोन घेतले.

बोलावणं आलं नाही शेवटी. बॅग दोन महिने तशीच होती, कोण उघडेना. जुलैत चटणीला वास यायला लागला तेव्हा उघडली.

जुनी_पलटण, सकाळी ६.५५

उद्यमबाग भाऊ, लै दिवसांनी खरं बोलणारा माणूस वाचला.

राकसकोपवाले, आता पाणंद. नीट वाचून ठेवा. एक, दादाला सांगा पलटणीत सीओ साहेबांकडं (कमांडिंग ऑफिसर) अर्ज द्यायचा, तिथनं थेट जिल्ह्याच्या डीसीला, म्हणजे कलेक्टरला, पत्र जातंय, कॉपी सैनिक बोर्डाला. लाजायचं नाही, जवानाच्या जमिनीची भांडणं हे पलटणीचं नेहमीचं काम हाय, माझ्या काळात आठवड्याला दोन पत्रं जायची. दुसरं, शेजाऱ्यानं उलटी केस घातली आणि दादा बॉर्डरला असला तर १९२५ चा एक कायदा हाय, इंडियन सोल्जर्स लिटिगेशन ॲक्ट. इंग्रजांचा, पण अजून चालतोय. त्याच्या पाठीमागं निकाल लागू नये म्हणून कोर्टाला तारीख थांबवायला सांगता येतंय. आणि २०२५ च्या २६ जुलैला, कारगिल दिनाला, नालसानं (फुकट कायदेशीर मदत देणारी सरकारी संस्था) वीर परिवार सहायता योजना काढलीय, जवान बाहेर असताना घरच्यांना फुकट वकील. सैनिक बोर्डात विचारा. वैनीलाच पाठवा, ती माहितगार दिसतीया.

खच्चीकरण_बंद, सकाळी ९.१०

हे माहीत नव्हतं. माझ्या आतेभावाचं पण असंच आहे, बीएसएफला आहे तो. त्याला चालेल का हे?

जुनी_पलटण, सकाळी ९.२२

पलटणीच्या पत्राची पद्धत त्यांच्यातही हाय. बाकीचं सैनिक बोर्डात जाऊन विचारा, फोन उचलत नाहीत.

राकसकोपवाला, रात्री ९.१५

अपडेट. वैनी आणि मी जाऊन आलो. अर्ज मराठीत नेलेला, एका खिडकीवरनं परत दिला, कन्नडमध्ये लिहून आणा. वैनीचं माहेर चंदगडचं, तिला वाचता पण येत नाही, मला बोलता येतंय पण लिहायला गेलो की काना मात्रा सगळं चुकतंय. बाहेर बसून लिहून देणारा दोनशे मागतोय ते पण उद्या या म्हणतोय.

दादाचा फोन आलेला संध्याकाळी. सीओ साहेबांना अर्ज दिला म्हणाला. मग विचारलं भात कसं आलंय, पोटरीत आलंय काय, कापणीला ट्रॅक्टर जायला नाय जमलं तर पेंढ्या मळ्याच्या बाजूनं काढता येतील काय. हा धागा वाचून दाखवू काय विचारलं तर म्हणाला नको, रेंज जातीया, तू भाताचं सांग.

वॅक्सिन_डेपो_रनर, रात्री ९.३८

दादा, कन्नड मी लिहून देतो की. अक्षर बरं हाय माझं. रविवारी येऊ काय राकसकोपला? नऊनंतर येतो, आधी रनिंग हाय. उताऱ्याची झेरॉक्स आणि आधार तेवढं काढून ठेवायला सांगा वैनीला.